नाशकात पाणी १०० ला उकळत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या अंकात गेल्या आठवड्यात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचे फोटो आले होते. चष्मा पुसून नीट पाहिले. तीन ज्वालामुखी, दोन पवनचक्क्या, एक थर्माकोलची सूर्यमाला. ज्वालामुखीशी माझं वैर नाही. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फेस येतो, तो बघायला मलाही आवडतो. पण फेस येणार हे ओतणाऱ्याला आधीच ठाऊक, बघणाऱ्यालाही ठाऊक. मग त्याला प्रयोग कशाला म्हणायचं? त्याच हॉलमध्ये अगदी शेवटी, जिन्याखाली, एक टेबल होतं. त्यावर एक पातेलं, एक थर्मामीटर आणि दोनशे पानी वही. त्याचा फोटो कुणी काढला नाही. ते टेबल आमच्या नातीचं होतं. म्हणजे या पत्रात थोडा पक्षपात आहे, तो धरूनच वाचावं.

मी शास्त्रज्ञ नाही, शिक्षकही नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ३१ वर्षं अटेंडंट होतो. ब्युरेट धुवायच्या, सोल्यूशनच्या बाटल्या भरायच्या, स्टँड लावायचे, बॅच गेली की फुटलेल्या टेस्ट ट्यूब मोजून रजिस्टरला चढवायच्या. निवृत्तीनंतर महिन्याभरात हातावरचे सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग गेले, तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

नात आठवीत आहे. शाळेत बर्फ तापवत न्यायचा आणि पाणी उकळेपर्यंत दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचं, असा प्रयोग होता. हिने शेवटचा आकडा ९७.५ लिहिला. वहीत त्यावर लाल गोल, आणि शेजारी ‘१००!’ असं उद्गारचिन्हासकट. एका थर्मामीटरभोवती आठ मुलं उभी होती. त्यातल्या सात जणांना शंभर दिसलं.

संध्याकाळी वही घेऊन आली. “आबा, माझं बघायला चुकलं का?”

म्हटलं, “नाही गं. आपल्याकडे पाणी शंभरला उकळतच नाही.”

नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. ढोबळ हिशेब दर ३०० मीटरला एक अंशाचा. म्हणजे नाशकात ९८. पुस्तकातलं शंभर समुद्राकाठच्या दाबाचं आहे. ज्याच्या नावाने आपण सेल्सिअस म्हणतो त्या स्वीडनच्या माणसाने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हाच पाण्याचा उकळबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे हलतो हे नोंदवून ठेवलं होतं. (त्याची पट्टी आजच्या उलट होती, उकळतं पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर. ती नंतर फिरवली गेली.)

मॅडमचा मला राग नाही. साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, थर्मामीटर मोजून सात. त्यात एकेकाचं ९७.५ का आलं हे बघत बसल्या तर पोर्शन कधी पुरा होणार? पण माझ्याही मनात एक गोष्ट खटकली. मॅडम म्हणाल्या म्हणून शंभर आणि आबा म्हणाले म्हणून अठ्ठ्याण्णव, यात नातीने काय शिकायचं? म्हणून म्हटलं, चल, आपण काढून बघू.

पहिले दोन दिवस आम्ही गॅस पेटवलाच नाही. तिला ते फार जड गेलं. “आबा, नुसतं लिहीतच बसायचं का?” हो, लिहीतच. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न. त्याखाली पेनने अंदाज: ‘नाशिक ९८, मुंबई १००, फरक २.’ तारीख आणि सही. अंदाज आधी लिहायचा, कारण आकडा आल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ असं म्हणायची सवय सगळ्यांनाच असते, मला जरा जास्तच. मग काय बदलायचं आणि काय बदलू द्यायचं नाही, ते ठरवलं. बदलायचं फक्त गाव. पातेलं तेच, पाणी मोजून अर्धा लिटर, थर्मामीटर तोच, त्याचा फुगा पाण्यात तेवढाच खोल. थर्मामीटर हातात धरायचा नाही. पातेल्यावर आडव्या ठेवलेल्या फूटपट्टीला दोऱ्याने टांगायचा. खळखळून उकळी फुटल्यावर घड्याळ लावून दोन मिनिटं थांबायचं, मग वाचायचं. डोळा पाऱ्याच्या टोकाच्या बरोबर समोर. वरून वाकून बघितलं की अर्धा अंश कुठल्या कुठे जातो.

थर्मामीटर नवा आणला, उणे १० ते ११० चा, एकेका अंशाच्या रेघा असलेला. आणल्या आणल्या त्याची परीक्षा घेतली. बर्फ कुटून, त्यात थोडं पाणी घालून, ढवळत पाच मिनिटं. शून्य आलं. नातीला वाटलं, झालं, खरा आहे! म्हटलं, खालचं टोक खरं, वरच्या टोकाचं आपल्याला अजून काहीच माहीत नाही. तिथे तो अंशभर खोटं बोलत असला तरी आपल्याला इथे बसून कळणार नाही. पण तोच थर्मामीटर मुंबईला नेला, तर तिथेही तो साधारण तेवढंच खोटं बोलेल, आणि दोन गावांमधला फरक तरी आपल्या हाती लागेल. हे तिला पटायला एक दिवस गेला. मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे वजनकाटा बिघडलेला असला तरी मी किती वाढले ते कळतं, तसं.” ३१ वर्षांत मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

पहिलं रीडिंग आलं १०१. मी गप्प बसलो. तिने पुन्हा पाहिलं, वाकून पाहिलं, आणि मग दिसलं की दोरा सैल होऊन फुगा पातेल्याच्या बुडाला टेकला होता. बूड पाण्यापेक्षा गरम असतं. ती खोडरबर शोधायला लागली, तेव्हा मात्र मी बोललो. खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, आकडा खालून दिसला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचं: ‘फुगा बुडाला टेकला.’ कारण सापडलं नसतं तर रेघही मारता आली नसती. १०१ तसंच वहीत राहिलं असतं. आकडा आवडला नाही हे कारण होत नाही.

आता यातली खरी अडचण. आकडा काय यावा हे नातीला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पारा दोन रेघांच्या मधे असला की माहीत असलेल्या बाजूला डोळा झुकतो. मुद्दाम कुणी करत नाही, आपोआप होतं. म्हणून आजीला बसवलं. आमच्या मंडळींना पाणी कितीला उकळावं याच्याशी काही देणंघेणं नाही. पाणी उकळलं की त्यात चहापत्ती टाकायची एवढंच. नातीने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, आजीने आपला वेगळ्या चिठ्ठीवर, एकमेकींना दाखवायचं नाही. पाच दिवस, रोज सकाळी सातला. नातीचे आकडे ९७.५, ९८, ९७.५, ९७.५, ९८. आजीचे ९८, ९७.५, ९८, ९७.५, ९८. कॅल्क्युलेटरने दहांची सरासरी दिली ९७.७५, आणि पोरीने ती तशीच उतरवली. विचारलं, रेघा एकेका अंशाच्या, डोळ्याने तू वाचतेस अर्धा, मग हा पाव कुठून आणलास? शेवटी ‘९७.५ ते ९८ च्या दरम्यान’ असं लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत पंचवटी एक्स्प्रेसने लालबागला मामाकडे गेली. थर्मामीटर आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. सोबत तेच पातेलं, आणि दोन लिटर नाशिकचं पाणी. पाणी कशाला, म्हणून सुनेने कपाळाला हात लावला. पण मामाकडे तिथलं पाणी उकळलं आणि आकडा वेगळा आला, तर तो उंचीमुळे की पाण्यामुळे, हे कसं सांगणार? (तसं बघितलं तर अप्पर वैतरणा धरण आपल्याच जिल्ह्यात. मुंबईकर आमचंच पाणी पितात, पण ते पुन्हा कधीतरी.) लालबागला आजी नव्हती, म्हणून मामेभावाला बसवला. तो पहिल्यांदा न बघताच ‘शंभर’ म्हणाला. शाळेत शिकला होता ना! नीट समोरून बघ म्हटल्यावर साडेनव्व्याण्णव सापडले. पाच वेळा काढलं: ९९.५, ९९.५, ९९.५, १००, ९९.५. लालबागच्या नळाचं पाणी घालूनही तेच. गॅस मोठा करून, बारीक करून पाहिला, आकडा तसूभर हलला नाही. पाणी एकदा उकळायला लागलं की गॅस कितीही वाढवा, वाफ जास्त होते, तापमान वाढत नाही. हे आमच्या सुनेला नवीन होतं, आणि डाळीचा गॅस तेव्हापासून बारीक असतो.

मुंबईला बरोबर शंभर का नाही आलं? थर्मामीटरची दांडी बाहेर गार हवेत राहते, तिच्यातला पारा पूर्ण तापत नाही, त्यामुळे तो थोडं कमीच दाखवतो. तसं वहीत लिहिलं. फरक मात्र जवळपास दोन अंशांचा आला. वहीत नापास झालेलं साडेसत्त्याण्णव बरोबर होतं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, म्हणून माझंही एक सांगायला हवं.

बारावीच्या बोर्डाच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन असतं; ब्युरेटमधून, म्हणजे रेघा मारलेल्या काचनळीतून, थेंबथेंब सोल्यूशन सोडायचं आणि रंग बदलला की किती लागलं ते लिहायचं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, चहाला गेले की मी रांगांमधून ‘आठ-दोन, आठ-दोन’ असं पुटपुटत फिरायचो. म्हणजे सीबीआर, लागोपाठ सारखं येणारं ब्युरेटचं रीडिंग, ८.२, तेवढं लिहा आणि मोकळे व्हा. सगळीकडे चालायचं. मुलांचं भलं करतोय असं वाटायचं, आणि निकालानंतर पेढेही यायचे. १९९७ ची गोष्ट. खिडकीजवळच्या टेबलावर दिंडोरीकडचा एक मुलगा होता. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आमच्या भाषेत केएमएनओफोर. इतकं गडद की वरची कडा वाचावी लागते. त्याने तीनदा काढलं होतं: ८.६, ८.५, ८.६. मी कानाशी जाऊन आठ-दोन म्हटलं. तो म्हणाला, “काका, पण माझं तिन्ही वेळा आठ-सहाच्याच जवळ येतंय.” मी म्हटलं, “शहाणपणा करू नको, मार्क जातील.” त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खोडून तिन्हीकडे ८.२ लिहिलं.

संध्याकाळी बाटल्या धुताना त्याच्या बाटलीच्या तळाला तपकिरी गाळ दिसला. केएमएनओफोर जुनं झालं, उजेडात राहिलं, की असा गाळ धरतं आणि पातळ पडतं. पातळ पडलं की तेवढ्याच कामाला जास्त लागतं. सकाळी ताजं सोल्यूशन कमी पडलं होतं, म्हणून त्या एका बाटलीत मागच्या आठवड्याचं उरलेलं मीच ओतलं होतं. त्या दिवशी अख्ख्या लॅबमध्ये आपल्या बाटलीत काय आहे हे बरोबर मोजणारा तो मुलगा होता, आणि त्याला चुकीचं लिहायला लावणारा मी. पुढे तो कुठे गेला, माहीत नाही. त्यानंतर मी कुणाच्या कानात आकडा सांगितला नाही. मुलं माझ्यावर रागवायची, एक-दोन सरही.

आमचे एक जुने विभागप्रमुख अशा वेळी लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सांगायचे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला रॅलेने नायट्रोजनचं वजन केलं. हवेतून काढलेला नायट्रोजन एका काचेच्या गोळ्यात भरला तर २.३१ ग्रॅम, आणि रसायनांपासून तयार केलेला त्याच गोळ्यात २.२९९ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याइतका. आमच्या लॅबमध्ये असता तर मी दोन्हीकडे २.३ लिहायला सांगितलं असतं. त्याने पुन्हा पुन्हा केलं, वेगवेगळ्या रसायनांपासून केलं, फरक काही जाईना. तेव्हा तो दडपला नाही, छापून टाकला आणि लोकांना विचारलं. १८९४ मध्ये रॅमसे नावाचा दुसरा शास्त्रज्ञ आणि तो, दोघांनी मिळून त्या फरकातून आर्गॉन वायू शोधला. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन आहे, आणि तोवर तो कुणाच्याच हिशेबात नव्हता. १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, एकाला फिजिक्सचं, दुसऱ्याला केमिस्ट्रीचं. सर हे सांगताना चष्मा काढून पुसायचे, आणि मुलं तोवर शेजाऱ्याचं रीडिंग उतरवून घ्यायची.

प्रत्येक फरकात नोबेल दडलेलं नसतं, हेही सांगायला हवं. लंबकाच्या प्रयोगात जर्नलमध्ये सगळ्यांचं ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा, सेंटिमीटर-सेकंदात) ९८० येतं. नाशकात खरं म्हणजे ते ९७८.५ च्या जवळपास असायला हवं, पण फूटपट्टी आणि स्टॉपवॉचने तेवढा फरक पकडता येत नाही, त्यासाठी भांडू नये. कुणाचं ९६० आलं तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरली का, १०८५ च्या आसपास आलं तर वीस आंदोलनं मोजताना ‘शून्य’ म्हणायच्या जागी ‘एक’ म्हटलं का, ते बघावं. आणि काही सापडलं नाही तर ९६० लिहून सही करावी.

नाशिककरांना आकड्यांची किंमत नव्याने सांगायला नको. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून अडकले, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांनी रात्री कशा काढल्या ते अजून आठवतं. तिकडच्या लॅबमधल्या यंत्रावर जो आकडा येतो त्याच्याशी घासाघीस चालत नाही. आमचे एक व्याही नवीन टॉनिक आलं की बागेच्या मधल्या दोन ओळी तशाच सोडतात, फवारत नाहीत. कडेच्या ओळी सोडत नाहीत, कारण कडेला ऊन-वारा वेगळा. कोणत्या दोन सोडायच्या त्या चिठ्ठी टाकून ठरवतात, नाहीतर हात आपोआप मरतुकड्या ओळींकडे जातो. त्यांना कुणी हे शाळेत शिकवलेलं नाही. दुकानदाराने एकदा चांगलंच फसवलं होतं, त्यातून शिकले.

आता तुमच्याकडे आणि तुमच्या वाचकांतल्या शिक्षकांकडे मागणं. प्रॅक्टिकल परीक्षेला सगळ्या बाटल्यांत एकाच तीव्रतेचं सोल्यूशन ठेवू नये. चार प्रकारचं करावं, बाटल्यांवर फक्त क्रमांक. बाटल्या भरणारा म्हणून सांगतो, यात अर्ध्या तासाचं काम वाढतं, आणि कानात पुटपुटणारे आपोआप थांबतात. मार्क सुबक जर्नलला कमी आणि कच्च्या वहीला जास्त द्यावेत; डाग पडलेली, रेघा मारलेली, तारीख-वेळ घातलेली वही. आणि प्रदर्शनात परीक्षकांनी पहिला प्रश्न एकच विचारावा: “किती वेळा केलंस?” नातीला विचारलं गेलं, “मॉडेल कुठे आहे?” तिने पातेल्याकडे बोट दाखवलं. परीक्षक हसले आणि पुढच्या ज्वालामुखीकडे गेले.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन येईल. तुम्ही मनावर घेतलंत तर एक करता येईल. आपला जिल्हा उंचसखल आहे. मालेगाव आमच्यापेक्षा खाली, सप्तशृंगी गड वर. त्या दिवशी जिल्ह्यातल्या शाळांनी आपापल्या अंगणात पाणी उकळावं, जे दिसेल ते तुम्हाला कळवावं, आणि तुम्ही ते नकाशावर छापावं. कुणी १०० कळवलं तर तेही छापा, शाळेच्या नावासकट.

नात आणि तिचे बाबा येत्या सुट्टीत कळसूबाई चढणार आहेत, उंची १,६४६ मीटर. छोटा गॅस, पातेलं, लुगड्याचा तुकडा, सगळी तयारी झाली आहे. अंदाज ९४.५ चा, चिठ्ठीवर लिहून, सही करून पाकिटात घातला आणि आजीच्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवला. माझे गुडघे आता पायथ्याच्या बारीगावापर्यंतच साथ देतील. आकडा काय येतो ते तीच खाली येऊन मला सांगेल.

आपला,
एक निवृत्त लॅब अटेंडंट
जुने सिडको, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)